कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या साइट सर्व्हरवर ट्रेसिंग कुठे, किती आणि किती वेळ चालू ठेवायचं?

कॉन्फिगरेशन मॅनेजर म्हणजे संस्थेतल्या यंत्रांवर सॉफ्टवेअर पोचवणारं मायक्रोसॉफ्टचं उत्पादन, साइट सर्व्हर म्हणजे त्याचा मुख्य सर्व्हर, आणि ट्रेसिंग म्हणजे तो काय करतोय याची लॉगमध्ये होणारी नोंद. तुमची अडचण थोडक्यात अशी आहे. एक पॅकेज बाकी सगळीकडे पोचलं, पण एकाच डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवर (क्लायंट यंत्रांना फाइली देणाऱ्या सर्व्हरवर) जात नाही. कन्सोलमध्ये ‘इन प्रोग्रेस’ हेच दिसत राहतं. पॅकेजेस वाटण्याचं काम पाहणारा साइट सर्व्हरवरचा कंपोनंट म्हणजे डिस्ट्रिब्यूशन मॅनेजर. त्याचा लॉग उघडला तर त्यात शेवटच्या वीसेक मिनिटांचाच मजकूर सापडतो. म्हणून तुम्ही एसक्यूएल ट्रेसिंग (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची नोंद) चालू केलं आणि सापडेल त्या कंपोनंटचं डीबग लॉगिंगही लावलं. आता लॉग दर तीन-चार मिनिटांनी नव्याने सुरू होतो, डिस्कवरचा ताण वाढलाय आणि हवी ती ओळ अजूनही हाती लागलेली नाही.

तुम्ही विचारलंय की याहून खोल ट्रेसिंग कसं लावायचं. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की तपशील पुरेसा आहे, लॉगचा काळ कमी पडतोय. बिघाड ज्या क्षणी घडतो तो क्षण लॉगमध्ये टिकतच नाही. अशा वेळी पातळी वाढवली की लॉग आणखी लवकर भरतो आणि पुरावा आणखी लवकर पुसला जातो. म्हणून आधी लॉगची फाइल मोठी करायची, मग एकाच कंपोनंटची पातळी वाढवायची, बिघाड मुद्दाम घडवून आणायचा, फाइली उचलायच्या आणि सगळं पूर्ववत करायचं. हा क्रम मोडू नका.

सुरुवात दोन प्रयत्नांमधल्या ३० मिनिटांच्या हिशेबापासून करू या. कन्सोलमध्ये साइटच्या ‘कॉन्फिगर साइट कंपोनंट्स’मध्ये ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ उघडलंत तर तिथे एका वेळी किती पॅकेजेसवर काम करायचं, प्रत्येक पॅकेजला किती थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) द्यायचे आणि पाठवणं फसलं तर किती वेळाने, किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा हे दिलेलं असतं. मुळातल्या सेटिंगनुसार एका वेळी 3 पॅकेजेस, प्रत्येकी 5 थ्रेड, दोन प्रयत्नांत 30 मिनिटांचं अंतर आणि 100 प्रयत्न. म्हणजे तुमचं पॅकेज 10:05 ला अडलं तर पुढचा प्रयत्न साधारण 10:35 ला. तुमचा लॉग वीस मिनिटांचा असेल तर तुम्ही उघडाल तेव्हा त्यात मागचा प्रयत्न पुसलेला आणि पुढचा अजून व्हायचा असण्याची शक्यता मोठी. लॉगमध्ये किमान दोन प्रयत्न मावले पाहिजेत, म्हणजे तासाभराहून जास्त काळ. मी दीड तास धरतो. कुणी हे अंतर बदललं असेल तर तो आकडा आधी पाहा आणि हिशेब त्यावरून करा.

दोन गोष्टी ट्रेसिंगला हात लावण्याआधीच तपासून घ्या, कारण त्यांचं उत्तर कुठल्याही पातळीच्या लॉगमध्ये ‘एरर’ म्हणून दिसणार नाही. एक, त्या डिस्ट्रिब्यूशन पॉइंटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेड्यूल’ आणि ‘रेट लिमिट्स’ हे टॅब. साइट सर्व्हरपासून वेगळ्या यंत्रावर असलेल्या पॉइंटला ते असतात. दिवसाच्या वेळी पाठवणं बंद ठेवलेलं असेल, तर पॅकेज वाट पाहत थांबलंय एवढंच. दोन, हा पॉइंट कुणाच्या हाताखाली आहे. सेकंडरी साइटच्या (मुख्य, म्हणजे प्रायमरी साइटच्या खालच्या साइटच्या) हाताखाली असेल तर मजकूर (पॅकेजमधल्या फाइली) आधी त्या साइटवर जातो आणि तिथून पुढचं काम तिथलाच डिस्ट्रिब्यूशन मॅनेजर करतो. मग प्रायमरीवर ट्रेसिंग लावून काहीच मिळणार नाही. तो ‘पुल’ प्रकारचा असेल तर मजकूर तो स्वतः ओढून घेतो, आणि त्याची हकिकत त्याच यंत्रावरच्या ‘पुलडीपी’ लॉगमध्ये असते. पुढचं सगळं मी साधा, वेगळ्या सर्व्हरवरचा, थेट प्रायमरीखालचा पॉइंट धरून लिहितोय.

आता आधी जे लावलंय ते काढा. त्याच्याही आधी साइट सर्व्हरवरच्या इन्स्टॉलेशन फोल्डरमधला ‘लॉग्ज’ हा अख्खा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. त्यात ‘.लॉग’ फाइलींबरोबर त्याच नावाच्या, शेवटचं अक्षर अंडरस्कोर असलेल्या ‘.एलओ_’ फाइली दिसतील. साइट सर्व्हरचा लॉग ठरलेल्या आकाराला पोचला की त्याचं नाव बदलून ही फाइल होते आणि नवा लॉग सुरू होतो. आधीची ‘.एलओ_’ त्याच क्षणी जाते. मागची एकच पिढी शिल्लक राहते. पुष्कळ जण नुसता ‘.लॉग’ उचलतात आणि अर्धा पुरावा तिथेच सोडून येतात.

मग रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा. हे उत्पादन 1994 मध्ये सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर म्हणून आलं, आणि नाव दोन-तीनदा बदललं तरी रजिस्ट्रीत अजून ‘एसएमएस’च आहे, म्हणून तिथे दुसरं काही शोधत बसू नका. एचकेएलएम या मुख्य शाखेखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, एसएमएस आणि मग ‘ट्रेसिंग’. या ‘ट्रेसिंग’ कीखाली प्रत्येक कंपोनंटच्या नावाची वेगळी की असते. ट्रेसिंगची ही की सर्वप्रथम एक्सपोर्ट करून ठेवा. तुम्ही लावलेलं एसक्यूएल ट्रेसिंग थेट ‘ट्रेसिंग’ कीवरच आहे: ‘एसक्यूएलएनेबल्ड’ नावाची व्हॅल्यू, 1 म्हणजे चालू, 0 म्हणजे बंद. ती एका कंपोनंटपुरती नसते. साइट सर्व्हरवरचा प्रत्येक कंपोनंट डेटाबेसला विचारलेला प्रत्येक प्रश्न आपापल्या लॉगमध्ये लिहू लागतो: कलेक्शनची मोजणी करणारा, पॉलिसी बनवणारा, इन्व्हेंटरी भरणारा, सगळे. तुमच्या डिस्कवरच्या ताणाचं मुख्य कारण हेच असावं. ती 0 करा. मग ज्या ज्या कंपोनंटच्या कीमध्ये तुम्ही ‘डीबगलॉगिंग’ 1 केलंय, तिथे ते 0 करा आणि ‘लॉगिंगलेव्हल’ पूर्वीच्या आकड्यावर आणा.

एवढं झालं की अर्धा तास काहीच करू नका. नेहमीच्या पातळीवर डिस्ट्रिब्यूशन मॅनेजरचा लॉग किती मिनिटं टिकतो ते मोजा. पहिल्या ओळीची वेळ आणि शेवटच्या ओळीची वेळ यांतलं अंतर पुरे. मुळात ही फाइल दोन-अडीच एमबीची असते. समजा अडीच एमबीत 20 मिनिटं मावतात, तर दीड तासाला 11-12 एमबी लागतील. व्हर्बोज (सर्वांत तपशीलवार पातळी) लावल्यावर लिखाण कितीतरी पटींनी वाढतं. किती ते एका वेळी चालणाऱ्या पॅकेजेसवर आणि पॉइंट्सच्या संख्येवर अवलंबून आहे. म्हणून मी सरळ 50 एमबी ठेवतो. ‘.एलओ_’ धरून 100 एमबी झाले, एका कंपोनंटसाठी ते काहीच नाही. हाच आकडा सगळ्या कंपोनंट्सना लावू नका. लॉग्ज ज्या ड्राइव्हवर असतात त्यावरच सहसा इनबॉक्सेसही (कंपोनंट्सना काम पोचवणाऱ्या फाइलींचे फोल्डर) असतात, आणि तो ड्राइव्ह भरला तर अख्खी साइट थांबते.

आकार वाढवायची सोपी जागा म्हणजे कॉन्फिगरेशन मॅनेजर सर्व्हिस मॅनेजर. कन्सोलमध्ये ‘मॉनिटरिंग’, त्यात ‘सिस्टिम स्टेटस’, त्यात ‘कंपोनंट स्टेटस’, वरच्या रिबनवर ‘स्टार्ट’ आणि तिथून सर्व्हिस मॅनेजर. डावीकडे साइट उलगडून ‘कंपोनंट्स’ निवडा, उजवीकडच्या यादीत ‘एसएमएस_डिस्ट्रिब्यूशन_मॅनेजर’ शोधा, राइट क्लिक, ‘लॉगिंग’. इथे आकार एमबीत टाकायचा असतो. रजिस्ट्रीतून करणार असाल तर त्याच कंपोनंटच्या कीखालची ‘मॅक्सफाइलसाइझ’ ही व्हॅल्यू बाइट्समध्ये असते. 50 एमबीसाठी 52428800, आणि लिहिताना खिडकीत ‘डेसिमल’ निवडलेलं आहे ना ते पाहा. हेक्साडेसिमल निवडलेलं राहिलं तर तोच आकडा भलताच मोठा ठरतो आणि फाइल वाढतच जाते.

सर्व्हिस मॅनेजरच्या त्याच खिडकीत, एकाहून जास्त कंपोनंट निवडलेले असतील तेव्हा, निवडलेल्या सगळ्यांसाठी एकच फाइल वापरण्याचा पर्याय येतो. क्रम एकत्र दिसेल म्हणून तो मोहात पाडतो. पण वेगवेगळ्या कंपोनंट्सचं लिखाण एकाच फाइलीत शिरलं की ती दुप्पट वेगाने भरते, आणि काम झाल्यावर फाइलींची नावं परत वेगळी करायची राहून जातात. लॉग एकत्र पाहायचे तर वाचताना एकत्र करा. सीएमट्रेस या लॉग वाचायच्या साधनात फाइल उघडण्याच्या खिडकीत दोन-तीन फाइली निवडून ‘मर्ज’ची खूण केली की त्या वेळेनुसार एकत्र दिसतात. 1806 आवृत्तीपासून सीएमट्रेस क्लायंटबरोबरच येतो, तो सीसीएम फोल्डरमध्ये सापडेल.

आता पातळी. मजकूर पाठवण्याच्या कामात साइट सर्व्हरवर दोन कंपोनंट पाळीपाळीने येतात, आणि नेमका कुणाचा लॉग खोल करायचा हे त्यांच्या कामावरून ठरतं. कन्सोलमध्ये तुम्ही ‘रीडिस्ट्रिब्यूट’ म्हणता तेव्हा आधी डेटाबेसमध्ये नोंद बदलते. डेटाबेस नोटिफिकेशन मॉनिटर ते पाहतो आणि इनबॉक्सेसमधल्या ‘डिस्टएमजीआर.बॉक्स’ फोल्डरमध्ये पॅकेजच्या आयडीची, ‘पीकेएन’ एक्स्टेन्शनची छोटी फाइल टाकतो. ती पाहून डिस्ट्रिब्यूशन मॅनेजर जागा होतो, मजकूर कंटेंट लायब्ररीत (पाठवायच्या फाइलींच्या साठ्यात) आहे का ते बघतो आणि त्या पॉइंटसाठी काम तयार करून पॅकेज ट्रान्सफर मॅनेजरकडे देतो. प्रत्यक्ष पाठवणं पॅकेज ट्रान्सफर मॅनेजरचं. तिकडे पॉइंटवर डिस्ट्रिब्यूशन पॉइंट प्रोव्हायडर नावाचा डब्ल्यूएमआय (विंडोजची यंत्र व्यवस्थापनाची यंत्रणा) प्रोव्हायडर तो मजकूर लायब्ररीत बसवतो, आणि यशाचा निरोप परत येतो.

म्हणून नेहमीच्या पातळीवरच आधी एवढं बघा: साखळी कुठल्या कडीपर्यंत आली? डिस्ट्रिब्यूशन मॅनेजरच्या लॉगमध्ये पॅकेजचा आयडी शोधा. तोच सापडत नसेल तर अडचण त्याच्याही आधी, नोटिफिकेशन मॉनिटरकडे किंवा इनबॉक्समध्ये आहे. ‘डिस्टएमजीआर.बॉक्स’मध्ये जुन्या तारखांच्या फाइलींचा ढीग साचलेला असेल तर तेही सांगून जातं. आयडी दिसतो, काम तयार झाल्याचं दिसतं, पण पॅकेज ट्रान्सफर मॅनेजरच्या लॉगमध्ये प्रयत्न फसलेला दिसतो, तर त्या दुसऱ्याचीच पातळी वाढवा, पहिल्याला हात लावू नका. दोन्हीकडे यश दिसतं आणि कन्सोल तरीही ‘इन प्रोग्रेस’ म्हणतो, तर पॉइंटवरचा लॉग पाहायला जा. एवढ्या तपासणीतच बऱ्याचदा उत्तर मिळतं आणि व्हर्बोजची गरज पडत नाही.

गरज पडलीच तर निवडलेल्या त्या एका कंपोनंटच्या कीमध्ये ‘लॉगिंगलेव्हल’ 0 करा. आकडा जितका लहान तितका लॉग बोलका: 0 म्हणजे व्हर्बोज, 1 नेहमीची पातळी, 2 म्हणजे इशारे आणि चुका, 3 म्हणजे फक्त चुका. मोठा आकडा म्हणजे जास्त तपशील अशा समजुतीने कुणी 3 लावतं आणि लॉग जवळजवळ मुका करून ठेवतं. ‘डीबगलॉगिंग’ 1 करायचं ते फक्त 0 पातळीनेही कारण कळलं नाही तर. ‘एसक्यूएलएनेबल्ड’ला इथे अजिबात हात लावायचा नाही. त्याची जागा पुढे सांगतो.

बदल लागू व्हावा म्हणून सर्व्हिस मॅनेजरमधून तेवढा एक कंपोनंट थांबवून परत सुरू करा. आधी ‘क्वेरी’चं बटण दाबावं लागतं, त्याशिवाय त्याची अवस्था दिसत नाही आणि थांबवण्याचे पर्याय हाती येत नाहीत. अख्खी एसएमएस एक्झिक्युटिव्ह सर्व्हिस रीस्टार्ट करू नका. तिच्यात हे सगळे कंपोनंट थ्रेड म्हणून चालतात. ती बंद झाली की सगळ्यांचे इनबॉक्स तुंबतात, आणि सुरू झाल्यावर सगळे एकदम साचलेलं काम उपसू लागतात. नेमक्या त्याच गर्दीत तुमची हवी ती ओळ शोधायची वेळ येते.

आता बिघाड घडवून आणा. ३० मिनिटं थांबण्यापेक्षा तेच पॅकेज त्याच पॉइंटवर पुन्हा पाठवा, आणि बटण दाबल्याची वेळ सेकंदासकट कागदावर लिहा. पॅकेज फार मोठं असेल तर चाचणीसाठी काही एमबीचं वेगळं पॅकेज करून तेच पाठवून पाहा. लहान पॅकेज गेलं आणि मोठं अडलं, तर शोध जागेकडे, वेळेच्या मर्यादेकडे किंवा मधल्या नेटवर्ककडे वळतो. दोन्ही अडली तर परवानगी, जोडणी किंवा प्रोव्हायडर. हा फरक कळायला ट्रेसिंगची वरची पातळी लागतच नाही, आणि तरी तो शोधाचं क्षेत्र निम्म्यावर आणतो.

प्रयत्न फसल्याचं दिसलं की ‘.लॉग’ आणि ‘.एलओ_’ दोन्ही लगेच कॉपी करा आणि वाचन त्या कॉपीवर करा. बिघाड कधी घडेल सांगता येत नाही, रात्री कधीतरी घडतो, असं असेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी ‘.एलओ_’ची बदललेली तारीख पाहून तिला वेळेचं नाव देऊन बाजूला कॉपी करणारा एक शेड्यूल्ड टास्क लावा. मोठ्या फाइलीपेक्षा हा मार्ग बरा, कारण 200-300 एमबीचा एकच लॉग उघडायला आणि गाळायला वेळ लागतो.

वाचताना एक सवय लावून घ्या: शब्दामागे न जाता थ्रेडमागे जा. साइट सर्व्हरच्या लॉगची ओळ नोटपॅडमध्ये उघडून पाहा. आधी मजकूर, मग दोन डॉलर चिन्हं, मग कोनी कंसात कंपोनंटचं नाव, मग तारीख-वेळ, आणि शेवटी थ्रेडचा क्रमांक दशमान आणि हेक्स दोन्हींत. उदाहरणार्थ ‘01-16-2024 10:42:17.356+480’ आणि पुढे ‘थ्रेड=6160’, त्याच्या कंसात हेक्समधलं 1810. तारखेत महिना आधी असतो. शेवटचं ‘+480’ म्हणजे मिनिटं. लिहिलेल्या वेळेत ती मिळवली की यूटीसी मिळते, इथे 18:42. ऋण चिन्ह असेल तर वजा करायची. साइट सर्व्हर एका टाइम झोनमध्ये आणि पॉइंट दुसऱ्यात असेल तर दोन लॉग जुळवताना याच आकड्याचा आधार घ्या.

तीन पॅकेजेस आणि प्रत्येकी पाच थ्रेड एकाच फाइलीत लिहीत असतात, त्यामुळे लागोपाठच्या दोन ओळींचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. तुमच्या पॅकेजचा आयडी असलेली पहिली ओळ शोधा, तिचा थ्रेड क्रमांक घ्या आणि सीएमट्रेसच्या फिल्टरमध्ये फक्त तो थ्रेड ठेवा. हजारो ओळींची फाइल एकदम सलग वाचता येण्याजोगी होते. ठरलेली वेळ आणि थ्रेड क्रमांक या दोन गोष्टी हातात असल्या की व्हर्बोज लॉगची भीती उरत नाही.

लाल रंगावर फार विसंबू नका. सीएमट्रेस मजकुरात ‘एरर’ शब्द दिसला तरी ओळ लाल करतो, मग ती ‘शून्य एरर’ सांगणारी का असेना. उलट खरं कारण बऱ्याचदा लाल ओळीच्या पाच-सात ओळी आधी साध्या रंगात असतं. हेक्स कोड मिळाला तर कंट्रोल आणि एल दाबून तो टाका, अर्थ मिळतो. तुमच्यासारख्या लक्षणांत नेहमी भेटणारे चार: 80070005 म्हणजे प्रवेश नाकारला, साइट सर्व्हरचं काँप्युटर अकाउंट त्या पॉइंटच्या लोकल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटात आहे का ते पाहा. 800706बीए म्हणजे आरपीसी सर्व्हर मिळत नाही, बहुधा फायरवॉल किंवा यंत्रच बंद. 80070035 म्हणजे नेटवर्कवरचा मार्ग सापडत नाही, नाव किंवा शेअर तपासा. 80070070 म्हणजे डिस्कवर जागा नाही. इथे पॉइंटच्या सगळ्या ड्राइव्हची मोकळी जागा बघा आणि कुठल्या ड्राइव्हला किती जागा राखून ठेवायला सांगितलंय तेही.

पॉइंटकडचा लॉग त्याच यंत्रावर ‘एसएमएस_डीपी$’ या शेअरखाली ‘एसएमएस’ आणि त्यात ‘लॉग्ज’ इथे, ‘एसएमएसडीपीप्रॉव्ह’ नावाने असतो. पाठवणाऱ्याने मजकूर दिल्याच्या वेळेनंतर दोन-चार सेकंदांत इथे हालचाल दिसली पाहिजे. काहीच दिसत नसेल तर निरोप डब्ल्यूएमआयपर्यंत पोचलाच नाही. मग साइट सर्व्हरवरची पातळी वाढवत बसू नका, त्या यंत्रावरचं डब्ल्यूएमआय आणि फायरवॉल बघा.

इथे आणखी एका घोळाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा प्रश्न बहुधा तिथूनच येईल. मॅनेजमेंट पॉइंटचे (क्लायंट ज्याच्याशी बोलतात त्या सर्व्हरचे) ‘एमपी_’ने सुरू होणारे लॉग आणि क्लायंटचे लॉग ‘एसएमएस’खालच्या ‘ट्रेसिंग’ कीचं ऐकत नाहीत. ते क्लायंटच्या चौकटीवर चालतात आणि त्यांची की वेगळी: मायक्रोसॉफ्टखाली ‘सीसीएम’, त्यात ‘लॉगिंग’, त्यात ‘@ग्लोबल’. तिथे ‘लॉगलेव्हल’ (आकड्यांचा अर्थ तोच, 0 सर्वांत बोलका), ‘लॉगमॅक्ससाइझ’ आणि ‘लॉगमॅक्सहिस्टरी’ अशा तीन व्हॅल्यूज आहेत. मुळातला आकार फक्त 250000 बाइट्स, आणि मागची पिढी 1. व्हर्बोजवर एवढी फाइल काही मिनिटांतच भरते, म्हणून इथेही आधी आकार 5242880 आणि पिढ्या 4-5 करा, मग पातळी. या कीवर लिहायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही आधी परवानगी बदलून घ्यावी लागते. मुकाट्याने बदल नाकारला गेला आणि आपल्याला वाटतंय लावलाय, असं होऊ देऊ नका, की रिफ्रेश करून खात्री करा. डीबगसाठी ‘लॉगिंग’खाली ‘डीबगलॉगिंग’ नावाची नवी की आणि तिच्यात ‘एनेबल्ड’ ही स्ट्रिंग व्हॅल्यू, तिच्यात ‘ट्रू’. मग एसएमएस एजंट होस्ट ही सर्व्हिस रीस्टार्ट. नव्या क्लायंटला हे सगळं इन्स्टॉलेशनच्या वेळीच प्रॉपर्टीज म्हणून देता येतं. मॅनेजमेंट पॉइंटवर आयआयएसचे (विंडोजच्या वेब सर्व्हरचे) लॉगही सोबत ठेवा. क्लायंटने विचारलं आणि आयआयएसने परतवलं, हे मॅनेजमेंट पॉइंटच्या ‘एमपी_’ लॉगमध्ये दिसत नाही.

आता एसक्यूएल ट्रेसिंग. ते चांगलं साधन आहे, पण फार नेमक्या वेळी. एखादा कंपोनंट एका ठरावीक ओळीवर येऊन कित्येक मिनिटं थांबतो, चूक दाखवत नाही, आणि व्हर्बोज लॉगनेही कारण कळत नाही, तेव्हा डेटाबेसकडून उत्तर यायला उशीर होतोय का हे पाहायला ते लावायचं. लावल्यावर लॉगमध्ये ‘एसक्यूएल’ आणि पुढे तीन बाणांसारखी चिन्हं असलेल्या ओळी दिसू लागतात. दिसल्या नाहीत तर तो कंपोनंट थांबवून सुरू करा. प्रश्नाची ओळ आणि तो पूर्ण झाल्याची ओळ यांच्या वेळांतलं अंतर पाहा. काही सेकंदांची दरी दिसली की प्रश्नाचा मजकूर उचला आणि पुढचा तपास एसक्यूएल सर्व्हरच्या बाजूने करा: ब्लॉकिंग, इंडेक्स, स्टॅटिस्टिक्स. दहा-पंधरा मिनिटांत एवढं होतं. त्याहून जास्त वेळ ते चालू ठेवायचं कारण सहसा नसतं. साइट-साइटमधल्या डेटाबेस रेप्लिकेशनचा प्रश्न असेल तर त्याची बरीचशी नोंद फाइलीत नसून डेटाबेसमध्ये असते. ‘व्हीलॉग्ज’ हा व्ह्यू वेळेच्या उलट क्रमाने वाचा. आणि कन्सोलच हळू चालतोय अशी तक्रार असेल तर एसएमएस प्रोव्हायडरचा लॉग नेहमीच्या पातळीवरच चालवलेले प्रश्न लिहितो, तिथे काही लावावं लागत नाही.

पूर्ववत करण्याचं काम त्याच दिवशी करा. पातळी 1, डीबग 0, एसक्यूएल 0, मग कंपोनंट परत एकदा थांबवून सुरू. आधी काढलेली एक्सपोर्ट फाइल सरसकट इम्पोर्ट करू नका, मध्ये साइट अपडेट झाली असेल तर जुन्या व्हॅल्यूज नव्यांवर बसतील. ती उघडून फक्त आपण बदललेल्या व्हॅल्यूज हाताने परत लावा. डिस्ट्रिब्यूशन मॅनेजर आणि पॅकेज ट्रान्सफर मॅनेजर यांचा आकार मात्र 10-20 एमबीवर कायम ठेवायला माझी हरकत नाही. नेहमीच्या पातळीवर त्याचा भार नसतो आणि पुढच्या वेळी पुरावा आपोआप हाताशी असतो.

हे करूनही अडलात तर तीन फाइलींमधला भाग इथे द्या: डिस्ट्रिब्यूशन मॅनेजर, पॅकेज ट्रान्सफर मॅनेजर आणि पॉइंटवरचा प्रोव्हायडर, तिन्हींचा तोच एक प्रयत्न, त्याच थ्रेडपुरता, बटण दाबल्याच्या वेळेपासून चूक आल्यानंतरच्या दोन मिनिटांपर्यंत. व्हर्बोज लॉगमध्ये सर्व्हरची नावं, डोमेन, वापरकर्त्यांची खाती आणि शेअरचे मार्ग उघडे असतात. ती सगळीकडे सारख्याच खोट्या नावांनी बदला, म्हणजे ओळी एकमेकींशी जुळवता येतील. सोबत तुमची आवृत्ती, त्या पॉइंटच्या शेड्यूलची सेटिंग आणि लहान पॅकेज गेलं की नाही तेही लिहा.